आधी कोरं चालवा

आमच्या सरांच्या घरी एकदा आमटीचा मसाला बदलला. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, पहिला घास घेतल्यावर विचारलं, कशी झालीय? सर म्हणाले, कोरं चालवल्याशिवाय सांगता येणार नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, त्यामुळे कोरं म्हणजे काय हे काकूंना विचारावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमटी वाढण्याआधी एका वाटीत नुसतं गरम पाणी वाढलं आणि म्हणाल्या, "घ्या. हे कोरं." सरांनी ती वाटी घोट घोट घेत शेवटपर्यंत संपवली. मग म्हणाले, "पाण्याला पातेल्याचा वास आहे. म्हणजे कालच्या आमटीतही तेवढा असणार. तेवढा वजा केला तर आमटी चांगली होती."

हे मला काकूंनीच सांगितलं, आणि तेव्हा सर शेजारी पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न करता त्यांनी एवढीच दुरुस्ती केली की पाणी गरम नव्हतं, कोमट होतं.

सर एका कारखान्याची प्रयोगशाळा चालवत, आणि कोरं हा त्यांचा शब्द. बाकीच्या प्रयोगशाळांत त्याला ब्लँक म्हणतात. पाण्यात मीठ किती आहे हे मोजायचं असेल, तर आधी बिनमिठाचं पाणी त्याच भांड्यात, त्याच रीतीने मोजायचं. त्यात मीठ निघालं तर ते पाण्याचं नाही; भांड्याचं, हाताचं किंवा आपल्या डोक्यातलं. इतकी साधी गोष्ट आहे. पण सरांनी ती प्रयोगशाळेच्या दाराशी सोडली नव्हती. एसटी स्टँडवरच्या रिक्षावाल्याचं मीटर पळतं असा संशय आला, तेव्हा ते उभ्या रिक्षात पंधरा मिनिटं बसून राहिले होते. मीटर हललं नाही. रिक्षावाला मात्र उतरून चहाला गेला तो आलाच नाही, आणि सर कारखान्यात उशिरा पोचले.

मी त्यांच्या हाताखाली लागलो ते नव्वदीच्या सुरुवातीला. आमचं गाव खानदेशात, तालुक्याचं. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे मी एम.एस्सी. झालो तेव्हा वडिलांनी दुकानाच्या पाटीवर, 'पंक्चर काढून मिळेल' या ओळीखाली, 'आमचे चिरंजीव एम.एस्सी.' असं रंगवून घेतलं. पनवेलजवळच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा त्यापुढे 'पनवेल' हाही शब्द आला. त्या पाटीखाली मला परत जाऊन उभं राहायचं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

मुलाखतीत सरांनी एकच विषय काढला.

"जेवतोस कुठल्या हाताने?"

"उजव्या."

"आणि आरशातला तू?"

मी जरा थांबून म्हणालो, "डाव्या."

"त्याचं पोट भरतं?"

"नाही, सर."

"मग ये सोमवारपासून," ते म्हणाले. त्यांनी माझं गुणपत्रक पाहिलंच नाही. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर दुसरी पिशवी घालून मी आणलं होतं. त्या दिवसापासून ते मला एमेस्सी म्हणू लागले. नाव त्यांना माहीत होतं, पगाराच्या यादीवर ते बरोबर लिहीत.

आरशाचा प्रश्न उगाच नव्हता. आमचा कारखाना गोळ्यांत घालायची औषधी पूड बनवायचा. त्यातली रक्तदाबावरची एक पूड होती, तिचे कण दोन जातींचे. दोन्हींत घटक तेच आणि तितकेच, फक्त एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. डावा आणि उजवा हात असतात तसे. शरीरात काम करायचा तो डावा. उजवा नुसता बरोबर जायचा. सर म्हणत, आपल्या कारखान्याचं मनुष्यबळही असंच निम्मं-निम्मं आहे, पण तिथे वेगळं करायची पद्धत कामगार आयुक्तांना मान्य होणार नाही. औषधातले दोघे वेगळे करायचे तर फार लांबचा, खटपटीचा रस्ता होता. सरांच्या डोक्यात जवळचा रस्ता होता. पाणी गाळायच्या यंत्रात असतो तसा पातळ पापुद्रा घ्यायचा, त्यावर निसर्गातल्या एकाच हाताच्या पदार्थाचा लेप द्यायचा, आणि त्या पापुद्र्यातून औषधाचं पाणी झिरपू द्यायचं. लेप एकाच हाताचा असल्यामुळे दोघांपैकी एकाशी त्याचं जुळेल, दुसऱ्याशी नाही. मग एक जण लवकर पलीकडे जाईल आणि दुसरा अडकून राहील. सात वर्षं त्यांनी यात घातली होती.

लेपासाठी त्यांनी कापूस वापरून पाहिला, रेशीम वापरून पाहिलं. रेशीम काकूंच्या लग्नातल्या शालूच्या काठाचं होतं. "उकळला ह्यांनी," काकू सांगत. "औषधाचं काही वेगळं झालं नाही. आम्ही दोघं मात्र आठवडाभर वेगळ्या खोलीत."

आरशाबद्दल सरांना तेढ होती. दाढी ते आरशाशिवाय करत. आरशात एक डावखुरा इसम दिसतो, त्याच्या हातात वस्तरा आहे आणि मी त्याला ओळखत नाही, असं त्याचं कारण. त्यामुळे त्यांच्या गालावर रोज कुठे ना कुठे एक तुकडा राहिलेला असे, आणि सोमवारचा तुकडा गुरुवारपर्यंत चांगला वाढे. त्यांच्या टेबलावर दोन चंचुपात्रं होती. एकावर 'फक्त चहा' अशी चिठ्ठी, दुसऱ्यावर 'चहा नाही'. दुसऱ्याचा उपयोग काय, असं मी पहिल्या आठवड्यात विचारलं. ते म्हणाले, ते नसेल तर पहिल्यातला चहाच आहे हे कशावरून?

नवीन पनवेलच्या सेक्टरात ते राहत. दारावर नावाआधी 'डॉ.' असल्यामुळे शेजारपाजारचे लोक खोकला घेऊन येत. सर त्यांना आत घेत, खोकला पूर्ण ऐकून घेत, आणि मग आपण डॉक्टर नाही असं सांगत. आधी का नाही सांगितलं, असं कोणी चिडून विचारलं तर म्हणत, ऐकल्याशिवाय कसं कळणार की मला कळत नाही ते?

दसऱ्याची गोष्ट मात्र नीट सांगितली पाहिजे, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

आमच्याकडे माल शिजवायची चार मोठी पोलादी भांडी होती, रिॲक्टर. खंडेनवमीला त्यांची पूजा व्हायची, झेंडूचे हार, आपट्याची पानं, हळदकुंकू, पेढे. मी लागलो त्या वर्षी सर उठून म्हणाले, तीन नंबरला हार नको. "माझं देवाशी भांडण नाही," सर म्हणाले. "मी फक्त कोरं चालवतोय. तिघांना हार, एकाला नाही. तीन महिन्यांनी कोणाचा माल किती उतरला ते बघू."

तीन नंबरवर विचुंब्याचा हिराजी असायचा. पन्नाशीचा, अबोल माणूस. तो पुढे येऊन म्हणाला, "सायब, सगल्यांना हार आनि ह्यालाच काय नाय? ह्यानं काय केलाय?"

सरांनी त्याला समजावलं. हिराजीने मान हलवली. हार घातला नाही.

तीन महिन्यांनी तीन नंबरचा माल बाकीच्यांइतकाच निघाला, जरासा जास्तच. सरांनी तसा कागद टाइप करून सूचनाफलकावर लावला. पूजा करणाऱ्यांनी वाचावा म्हणून नव्हे, म्हणाले, हारवाल्याने वाचावा. मग फेब्रुवारीत तीन नंबरची देखभाल निघाली. फिटरने उष्णता राखायसाठी बाहेरून बसवलेला पत्रा उघडला, तर आत काचेच्या लोकरीच्या थरात दोऱ्याने बांधलेलं एक वाळकं झेंडूचं फूल आणि दोन आपट्याची पानं.

हिराजीला बोलावलं. तो म्हणाला, "तुमी बोललाव हार नको. हार नाय घातला. फूल ठेवला. आमी त्याच्या बाजूला उबं रातो, सायब. तुमी नाय."

सर इतके हसले की त्यांना स्टूल लागलं. मग स्वतः जाऊन फलकावरचा कागद काढला आणि वहीत लिहिलं, 'कोरं कोरं नव्हतं. प्रयोग रद्द.' मला म्हणाले, "लक्षात ठेव एमेस्सी. ज्याला भीती असते तो कोऱ्यात फूल ठेवतोच. त्याच्यावर रागवायचं नाही. पत्रा उघडून बघायचा."

त्याच सुमारास त्यांना चिंच सुचली. चिंचेतलं आम्ल एकाच हाताचं असतं, निसर्गाने दुसरा हात बनवलेलाच नाही. बाटलीतलं मिळत होतं, पण सरांना बाटलीवर भरवसा नव्हता. मार्च महिन्यात आम्ही दोघं पनवेलच्या बाजारात गेलो. कोपऱ्यावर एक कातकरी बाई चिंचेचा ढीग मांडून बसली होती. सर तिच्यापुढे उकिडवे बसले आणि ही चिंच कुठल्या झाडाची, झाड डोंगराच्या कुठल्या कुशीला, एकाच झाडाची की मिसळलेली, असं विचारू लागले. बाईने दोन-तीन उत्तरं दिली. मग म्हणाली, "चिच ती चिच, बाबा. आंबट हाय. घेतोस का उठतोस?"

चार किलो घेतली. पुढचे दोन आठवडे आमच्या प्रयोगशाळेला वरणाचा वास होता आणि हिशेबखात्यातली माणसं काही ना काही निमित्त काढून येत आणि तोंडात टाकून जात. भिजवली, गाळली, चुन्याने साका बसवला, आम्ल काढलं, ते एका चिकट रसायनात गुंफलं आणि पापुद्र्यावर पातळ लेप दिला.

तेव्हाच शेठचा निरोप आला होता. शेठ म्हणजे कारखान्याचे मालक. माणूस वाईट नव्हता, सात वर्षं त्यांनी काही विचारलं नव्हतं. पण आता माल वाढला होता, खोकी ठेवायला जागा नव्हती. मे अखेर बाहेरच्या कंपनीचे दोन पाहुणे येणार होते. त्यांना डावं-उजवं वेगळं झालेलं दाखवता आलं तर प्रयोगशाळा राहील, नाहीतर तिथे पॅकिंगचं गोदाम होईल. आणि प्रयोगशाळा गेली की तिची माणसंही जातील. तिची माणसं दोन होती. माझं उमेदवारीचं वर्ष जूनमध्ये संपत होतं.

मोजायची रीत अशी. काचेच्या भांड्याचे दोन भाग, मधोमध पापुद्रा आवळून बसवलेला. एका बाजूला औषधाचं पाणी, दुसऱ्या बाजूला शुद्ध पाणी. काही तासांनी दुसऱ्या बाजूचं पाणी काढायचं, लांब नळीत भरायचं आणि पिवळ्या दिव्यासमोर दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहायचं. डावे-उजवे सारखे असतील तर ते एकमेकांना खोडतात आणि प्रकाश सरळ येतो. एक जण जास्त असेल तर प्रकाश त्याच्या बाजूला जरासा वळतो. सात वर्षं तो सरळ येत होता.

एप्रिलमधल्या एका दुपारी तो वळला. पाऊण अंश, उजवीकडे. सरांनी पाहिलं, मला पाहायला लावलं, पुन्हा स्वतः पाहिलं. मग 'चहा नाही' या भांड्यातून एक घोट घेतला. त्यात नळी विसळलेलं पाणी होतं. "उजवा निघाला," ते म्हणाले. "कामाचा नाही तो आधी बाहेर पडला. आपल्याकडे पाच वाजता असंच होतं." आणि ते तसेच शेठच्या खोलीत गेले. चप्पल टेबलाखालीच राहिली होती.

मला काम दिलं ते नोंदींचं. पाहुण्यांसाठी पाच मोजण्या वहीत नीट हव्या होत्या. वहीचे रकाने सरांनीच आखून छापून घेतलेले: तारीख, पापुद्र्याचा क्रमांक, वेळ, वळण, कोरं, सही. मी पाच मोजण्या घेतल्या. पहिल्यांदा वापरलेला पापुद्रा पाऊण अंश दाखवायचा. तोच दुसऱ्यांदा लावला की कमी, तिसऱ्यांदा जेमतेम. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, थकतो बिचारा. मलाही दुपारनंतर काही पार होत नाही. नवीन लाव.

आता माझी चूक सांगतो. आमच्या गावच्या शाळेत हेडमास्तरांनी एक गोष्ट आम्हांला छडीने शिकवली होती. कुठल्याही अर्जात, तक्त्यात, रकाना रिकामा ठेवायचा नाही. काही नसेल तर 'निरंक' लिहायचं. शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृहाचे अर्ज, सगळे मी असेच भरले आणि ते कधी परत आले नाहीत. माझं शिक्षण एका अर्थी त्या शब्दावर झालं. वहीच्या पाच ओळींत कोऱ्याचा रकाना रिकामा दिसला. दोन्ही बाजूंना नुसतं पाणी घालून पाहायचं राहिलं होतं. शुद्ध पाण्यात शुद्ध पाणी झिरपणार, त्यात प्रकाश कशाला वळेल? मी सुवाच्य अक्षरात पाचही ठिकाणी निरंक लिहिलं. सरांनी पाचही ठिकाणी सही केली.

पाहुणे येणार त्याच्या आदल्या शनिवारी सर शेठबरोबर बाहेर गेले होते. मी वही पुन्हा वाचत बसलो आणि ते पाच निरंक मला बघवेनात. मनात संशय असा काही नव्हता. खोटं लिहिलंय ते खरं करून टाकावं, एवढाच हेतू. नवीन पापुद्रा लावला, दोन्ही बाजूंना पाणी भरलं. दुपारनंतर नळी भरून यंत्राला डोळा लावला.

अर्ध्या अंशाहून जास्त. उजवीकडे.

नळी धुतली, पुन्हा भरली. तेच. औषधाचा कणही नव्हता आणि प्रकाश वळत होता. लेपातलं न गुंफलेलं चिंचेचं आम्लच पाण्यात उतरत होतं, आणि ते उजवीकडे वळवतं. म्हणूनच जुना पापुद्रा थकायचा. त्यातली चिंच धुऊन गेलेली असायची.

ती रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. वडिलांची पाटी मला अक्षरासकट दिसत होती. रविवारी सकाळी वही काखेत मारून मी नवीन पनवेलला गेलो. काकूंनी दार उघडलं. सर बाल्कनीत दाढी करत होते, अर्थात आरशाशिवाय. डावा गाल झाला होता, उजव्यावर साबण होता.

मी म्हणालो, "सर, काल कोरं चालवलं."

"आणि?"

"वळतंय. उजवीकडेच."

त्यांनी वस्तरा कठड्यावर ठेवला. पुढचं मला काही समजवावं लागलं नाही. "चिंच," ते म्हणाले. मग वही घेतली आणि पान काढलं. साबण तसाच वाळत होता.

"हे निरंक कोणाच्या अक्षरात आहे?"

"माझ्या."

"चालवलं होतंत?"

वर्षभरात ते मला पहिल्यांदा अहो-जाहो करत होते. मी नाही म्हणालो.

"मग लिहिलंत कशावरून?"

मी हेडमास्तरांचं, रकान्यांचं, शिष्यवृत्तीच्या अर्जांचं सगळं सांगितलं. बाहेर काढल्यावर ते कारण इतकं लहान दिसलं की मी मधेच थांबलो. काकू मागे उभ्या होत्या. त्यांनी सरांच्या खांद्यावरून वाकून पानावर बोट ठेवलं.

"आणि ही सही कोणाची?"

सरांनी पान जरा जवळ धरलं.

"पाचदा आहे," काकू म्हणाल्या. "माझ्या आमटीला वाटीभर पाणी प्यायलात. ह्याला नाही का प्यावंसं वाटलं?"

सरांनी हाताच्या पालथ्या बाजूने साबण पुसला. मग म्हणाले, "हिराजीने बिचाऱ्याने एक फूल ठेवलं. आपण दोघांनी पाच हार घातले."

त्यानंतर मी जे बोललो ते मी कोणाला सांगत नाही, पण इथे लिहायला हवं. मी म्हणालो, सर, उद्या नवा पापुद्रा लावला तर पाऊण अंश दिसेलच. पाहुणे कोऱ्याचं विचारणार नाहीत. चिंच धुऊन पुन्हा करायला आपल्याला वेळ मिळेल.

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे. हिराजीकडे बघितलं होतं तसंच.

"नाही विचारणार," ते म्हणाले. "म्हणून तर आपणच दाखवायचं. तुम्ही उद्या सकाळी दिवा लवकर लावा."

सोमवारी शेठ आणि दोन पाहुणे आले. सरांनी त्यांना आधी पाण्याची नळी दाखवली, दोन्हीकडे पाणी, मधे पापुद्रा, दुसरं काही नाही. शेठने यंत्राला डोळा लावला, प्रकाश वळलेला पाहिला आणि खूश झाले.

"डॉक्टरसाब, म्हणजे खाली, नुसत्या पाण्यालापण वळवतंय? मग हे तर जास्त भारी झालं."

"शेठ, ही चिंच उतरतेय."

"आणि औषध?"

"औषधाचं माहीत नाही. चिंचेच्या आड दिसत नाही."

शेठ यंत्रापासून दूर झाले. "सात वर्षं, डॉक्टरसाब."

"हो," सर म्हणाले. "सात वर्षांत चिंचेतून चिंच काढली."

पाहुण्यांतला म्हातारा हसला. वाईट नाही, अशी चूक स्वतः केलेला माणूस हसतो तसा. कोरं कोणी चालवलं, असं त्याने विचारलं. सरांनी माझ्याकडे हात केला. "ह्यांनी. आणि आधी न चालवता निरंकही ह्यांनीच लिहिलं. त्यावर सही माझी. वहीत सगळं आहे."

मला वाटलं, संपलं. चार दिवसांनी शेठने मला बोलावलं. प्रयोगशाळा बंद होणार होती. पण गुणवत्ता तपासणीत त्यांना माणूस हवा होता, आणि त्या म्हाताऱ्याने जाताना त्यांना काहीतरी सांगितलं होतं. काय ते शेठने सांगितलं नाही. मी कायम झालो. सरांना मात्र जावं लागणार होतं. वडिलांची पाटी राहिली ती सरांचं काम गेलं म्हणून, हे गणित मी नंतर पुष्कळ वेळा मांडून पाहिलं आहे. उत्तर बदलत नाही.

मी त्यांच्याकडे माफी मागायला गेलो तेव्हा ते म्हणाले, माफी कसली मागताय, अहो, मला एवीतेवी तुमच्या काकूंनी गावी दोन आंब्यांची झाडं दाखवून ठेवली आहेत. एक डावीकडे आहे, एक उजवीकडे. बघू कोण काम करतं.

जूनचा शेवटचा आठवडा. प्रयोगशाळेत खोकी यायला लागली होती. खिडकीपर्यंत रचलेली, त्यामधून वाट काढत टेबलापर्यंत जावं लागे. एका सकाळी मी माझा डबा आणि पुस्तकं न्यायला गेलो, तर सर मोरीपाशी उभे होते. हातात एक पापुद्रा, वर नळाची बारीक धार.

"काय एमेस्सी," ते म्हणाले. "नऊ दिवस झाले धुतोय. तू येतोस का बघायला?"

मी तिथेच खोक्यावर बसलो. तो 'तू' ऐकून बसलो, असंही म्हणता येईल.

आधी कोरं चालवलं. प्रकाश सरळ आला, अगदी सरळ. चिंच सगळी गेली होती, लेप जागेवर होता. मग औषधाचं पाणी भरलं आणि आम्ही वाट बघत बसलो. मधे हिराजी दोन खोकी ठेवायला आला. त्याने भांड्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि काही न विचारता खोकी बाहेरच ठेवून गेला. सरांनी 'फक्त चहा'मधला चहा निम्मा मला दिला. दुपारी चारला नळी भरली. सरांनी पाहिलं आणि बाजूला झाले. मी पाहिलं.

वर्तुळाचे दोन अर्धे भाग दिसतात त्या यंत्रात, एक दुसऱ्याहून गडद असेल तर वळण आहे. मी किती तरी वेळ डोळा लावून होतो. एक भाग मला केसभर गडद वाटत होता.

"थोडंसं आहे, सर," मी म्हणालो. "अगदी थोडंसं."

"दिसतंय, की हवंय?"

मी पुन्हा पाहिलं. डोळ्यात पाणी आलं होतं ते पुसून पाहिलं. मग म्हणालो, "हवंय."

"मग लिही."

मी वही उघडली. तारीख, पापुद्र्याचा क्रमांक, वेळ. कोऱ्याच्या रकान्यात निरंक. वळणाच्या रकान्यातही निरंक. दोन्ही चालवून लिहिलेले. वही सरांपुढे केली. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला, आणि ती एक ओळ बोट ठेवून डावीकडून उजवीकडे वाचत गेले. शेवटाला आल्यावर परत सुरुवातीपासून वाचली.

मग सही केली.